बर्फ, मीठ आणि दांडा : घरच्या आइस्क्रीमची गोष्ट



उन्हाळ्यातलं व्याख्यान म्हटलं की लोक आधी पंखा कुठे आहे ते बघतात आणि मग वक्ता कुठे आहे ते. म्हणून आज आम्ही एक सोय करून आलो आहोत. इथे टेबलाशेजारी जी लाकडी बादली दिसतेय, तो आइस्क्रीमचा पॉट आहे. पुढे बसलेली चार मुलं आळीपाळीने त्याचा दांडा फिरवतील आणि आम्ही बोलत राहू. व्याख्यान संपेपर्यंत आइस्क्रीम झालं तर समजायचं की आम्ही सांगितलं ते बरोबर होतं. नाही झालं तर दोन्ही फसलं. (हशा)

ज्यांचं वय आज पन्नासच्या पुढे आहे त्यांना हा पॉट नवा नाही. लग्नात, बारशाला, किंवा सुट्टीत सगळी भावंडं जमली की पॉट आणला जायचा. बऱ्याचदा तो भाड्याचा असायचा. बर्फ बाहेरगावाहून यायचा, गोणपाटात गुंडाळून, भुसा लावून. एसटीतून उतरेपर्यंत त्यातला चौथा हिस्सा पाणी होऊन गेलेला असायचा. मग लादी फोडायची, जाडं मीठ टाकायचं आणि दांडा फिरवायचा. ज्याने जास्त फिरवलं त्याला पाती चाटायला मिळायची. या वस्तूला आपण गंमत म्हणूनच ओळखतो. आज आपण तिच्याकडे जरा नीट बघू. ती आली कुठून, चालते कशी, आणि ती आपल्या घरातून गेली तेव्हा तिच्याबरोबर आणखी काय गेलं, हे तीन प्रश्न.

साधा बर्फ का पुरत नाही?

आधी विज्ञान, कारण त्याशिवाय इतिहास कळत नाही.

समजा आपण साखर घातलेलं दूध एका डब्यात भरलं आणि तो डबा नुसत्या बर्फात ठेवला. रात्रभर ठेवला. काय होईल? दूध गार होईल, पण गोठणार नाही. वितळणारा बर्फ असतो शून्य अंशावर. दुधात साखर विरघळलेली असते, त्यामुळे ते मिश्रण शून्यावर गोठतच नाही. ते गोठायला लागतं साधारण उणे अडीच-तीन अंशांवर. बर्फ त्याला शून्यापर्यंत नेऊन सोडतो आणि पुढचे तीन अंश राहून जातात. आइस्क्रीमचा सगळा इतिहास म्हणजे हे राहिलेले तीन अंश गाठायची खटपट आहे म्हणा ना.

इथे मीठ कामाला येतं. बर्फावर मीठ टाकलं की बर्फाच्या अंगावरच्या पाण्यात ते विरघळतं. खारं पाणी शून्यावर गोठत नाही, म्हणून बर्फ शून्याच्या खालीसुद्धा वितळतच राहतो. आता वितळायला उष्णता लागते, आणि ती थोडीथोडकी लागत नाही. १ किलो बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात १ लिटर पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापतं. म्हणजे जवळजवळ चहाचं आधण! एवढी उष्णता बर्फ आणणार कुठून? जे शेजारी असेल त्याच्याकडून. शेजारी असतो दुधाचा डबा. डब्यातली उष्णता बर्फ ओढून घेतो आणि दूध गोठतं.

मीठ आणि बर्फाचं मिश्रण जास्तीत जास्त उणे २१ अंशांपर्यंत जाऊ शकतं. त्यासाठी मिठाचं प्रमाण साधारण २३ टक्के लागतं. आपल्या बादलीत एवढं काटेकोर काही होत नाही. बाहेरचं ऊन असतं, बर्फाचे खडे लहान-मोठे असतात. तरी उणे १०च्या आसपास आपण सहज पोचतो. आणि आपल्याला हवेत किती? तीन-चार अंश. म्हणजे काम झालं.

लोकांना वाटतं आइस्क्रीम बर्फामुळे होतं. बर्फ पाहिजेच, पण कुलूप उघडतं ते मिठाने. आणि मीठ म्हणजे घरातली सगळ्यात स्वस्त वस्तू.

बादशहाचं पाणी

ही युक्ती जुनी आहे, आणि तिचा एक चुलतभाऊ आपल्या देशात नोंदलेला आहे. अबुल फजलच्या ‘ऐन-ए-अकबरी’त अकबराच्या पाणी-व्यवस्थेचं वर्णन येतं. तिथे मीठ नाही, सोरा आहे. तोच सोरा, जो बंदुकीच्या दारूत वापरतात. कृती अशी: धातूच्या सुरईत एक शेर पाणी घ्यायचं, तोंड बंद करायचं. दुसऱ्या भांड्यात पाच शेर पाणी आणि अडीच शेर सोरा. त्यात ती सुरई पाव तास फिरवायची. आतलं पाणी थंड होतं.

जरा आमच्या पॉटकडे बघा. बंद धातूचं भांडं, बाहेर क्षाराचं मिश्रण, आणि फिरवणं. तिन्ही गोष्टी तिथे आहेत. फरक एवढाच की सोरा पाण्यात विरघळताना स्वतःच उष्णता ओढून घेतो, तिथे बर्फ नाही; त्यामुळे पाणी गार होतं पण दूध गोठण्याइतकी थंडी येत नाही. पुढे १५८५-८६च्या सुमारास अकबर पंजाबात गेला आणि डोंगरातून बर्फ येऊ लागला. अबुल फजल लिहितो की उन्हाळ्यात सगळ्या थरांतले लोक बर्फ वापरत, आणि अमीर-उमराव बारा महिने. कुल्फी हा शब्दही याच फारसी वळणाचा आहे. मूळ अर्थ झाकणाचं भांडं. साच्यात आटीव दूध भरायचं, तोंड कणकेने बंद करायचं आणि बर्फ-मिठाच्या माठात ठेवायचं, ही कुल्फीची पद्धत आजही जत्रेत दिसते.

मैदानी मुलखातही बर्फ करत होते बरं का. रॉबर्ट बार्कर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात अलाहाबादकडची पद्धत लिहिली आहे. हिवाळ्याच्या कोरड्या, निरभ्र रात्री उथळ मातीच्या थाळ्या वाळक्या धाटांवर मांडायच्या, त्यात उकळून गार केलेलं पाणी ओतायचं. पहाटे त्यावर बर्फाचा पापुद्रा आलेला असायचा, हवा शून्याच्या वर असली तरी. मोकळ्या आकाशाकडे उष्णता निघून जाते आणि थोडं पाणी वाफ होऊन जातं, म्हणून हे घडतं. मराठवाड्यात हिवाळ्याच्या पहाटे गवतावरचं दव आपण बघतोच; त्याच खेळाचा हा पुढचा अंक.

युरोपातही सुरुवात राजाच्याच पंगतीत झाली. १६७१ साली इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने दिलेल्या मेजवानीत आइस्क्रीमची एक थाळी असल्याची नोंद आहे. एकच थाळी, आणि ती राजाच्या टेबलावर. बाकीच्यांनी बघायचं.

इथे एक गैरसमज काढून टाकू. मार्को पोलोने चीनमधून आइस्क्रीम आणलं, मग कॅथरीन द मेदिचीने ते इटलीतून फ्रान्सला नेलं, अशा गोष्टी आपल्या मोबाइलवर फिरत असतात. ऐकायला छान आहेत, पण त्यांना त्या काळातला पुरावा नाही. आइस्क्रीम कोणा एका माणसाने शोधलं नाही. बर्फ आणि क्षार एकत्र केल्यावर काय होतं हे ज्यांना कळलं, त्यांनी आपापल्या ठिकाणी ते केलं.

बोस्टनचा बर्फ, मुंबईची सर्दी

आता आपल्या बाजूला येऊ. एकोणिसाव्या शतकात मुंबईत बर्फ आला तो कुठून? अमेरिकेतून! फ्रेडरिक ट्यूडर नावाचा बोस्टनचा व्यापारी. तिकडची तळी हिवाळ्यात गोठतात. त्या बर्फाच्या लाद्या कापायच्या, भुशात बसवायच्या, जहाजात भरायच्या आणि गरम देशात विकायच्या, हा त्याचा धंदा. १८३३च्या मे महिन्यात ‘टस्कनी’ नावाचं जहाज १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून निघालं. चार महिन्यांनी कलकत्त्याला लागलं तेव्हा त्यातला सुमारे १०० टन शिल्लक होता. विषुववृत्त दोनदा ओलांडून! आपला बर्फ एसटीत एका दुपारी चौथा हिस्सा जायचा, ते आठवा. सगळी करामत भुशाची. भुशात हवा अडकून राहते आणि अडकलेली हवा उष्णता आत येऊ देत नाही. मोठा ढीग हळू वितळतो, हेही एक कारण.

पुढच्याच वर्षी, १८३४ला, असा बर्फ मुंबईला आला. जमशेटजी जीजीभाई यांनी आपल्याकडच्या मेजवानीत आइस्क्रीम ठेवलं. नंतर ‘मुंबई समाचार’ने छापलं की यजमान आणि पाहुणे दोघांनाही सर्दी झाली, आणि परदेशी चिजा खाल्ल्याचं हे फळ! (हशा) मुंबईच्या इतिहासात ही गोष्ट आवडीने सांगितली जाते. पुढे मुंबईत गोदीजवळ बर्फ साठवायला बर्फघर बांधलं गेलं. मद्रासचं १८४२चं बर्फघर तर अजून उभं आहे. आज ते विवेकानंद हाउस म्हणून ओळखलं जातं.

पण विचार करा. बोस्टनचा बर्फ बंदरापर्यंत आला, पुढे काय? आपला हा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. जालन्याला रेल्वे आली तीच १९००च्या सुमारास. भोकरदन तालुक्यातल्या माणसासाठी बर्फ ही ऐकीव गोष्ट होती. म्हणजे विद्या लोकांना ठाऊक होती, दूध घरात होतं, मीठ घरात होतं. बर्फ नव्हता, आणि फिरवायचं साधन नव्हतं.

मुलांनो, दांडा थांबवू नका. हां.

१८४३ : दांड्याचा पॉट

साधनाचं कोडं सुटलं अमेरिकेत. त्याआधी आइस्क्रीम करायची रीत अशी होती: डबा बर्फ-मिठात ठेवायचा, हाताने गोल गोल हलवायचा, थोड्या वेळाने झाकण काढायचं, कडेला गोठलेलं चमच्याने खरवडून मध्ये आणायचं, परत झाकण लावायचं. तासन् तास. त्याला नोकरमाणसं हवीत. म्हणून ते श्रीमंतांच्याच घरात व्हायचं.

फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सन या बाईंनी ९ सप्टेंबर १८४३ रोजी एका यंत्राचं पेटंट घेतलं, क्रमांक ३२५४. बाहेर लाकडी बादली, आत धातूचा उभा डबा, डब्यात भोकं असलेली पाती, आणि वर दांडा. दांडा फिरवला की पाती आतल्या भिंतीवर गोठलेला थर खरवडतात आणि मध्ये मिसळतात. झाकण काढायचं काम नाही. जे काम दोन-तीन माणसं करत होती ते एक माणूस, अगदी एक पोर, अर्ध्या तासात करू लागलं. पाच वर्षांनी विल्यम यंग यांनी त्यात सुधारणा केल्या. लंडनला ॲग्नेस मार्शल यांनी १८८५ साली आपला वेगळा, पसरट पॉट काढला आणि त्याच वर्षी बर्फाच्या पदार्थांवर पुस्तक लिहिलं. लक्षात घ्या, यातली दोन मोठी नावं बायकांची आहेत. ज्यांचा हात दुखत होता त्यांनीच यंत्र काढलं.

आपल्या पॉटमध्ये आणखी एक गंमत आहे. ताक करताना डेरा जागेवर असतो आणि रवी फिरते. इथे आतला डबाच फिरतो आणि पाती जागेवर राहते, किंवा उलट दिशेने फिरते. त्यामुळे बाहेरचा बर्फही ढवळला जातो आणि आतलं दूधही.

मग फिरवायचं का? दोन कारणं. एक, दूध स्थिर ठेवलं तर त्यात बर्फाचे मोठे स्फटिक होतात आणि जिभेला वाळूसारखं कचकचतं. सतत खरवडलं तर स्फटिक बारीक राहतात, इतके की जिभेला वेगळे कळत नाहीत. दुसरं, हवा. फिरवताना दुधात हवा मिसळते, आणि आइस्क्रीम मऊ लागतं. हवा नसेल तर ती कुल्फी. ती घट्ट असते, आणि तशीच ती आपल्याला आवडते.

फार फिरवलं तर? आपल्या आयाबायांना विचारायची गरज नाही: लोणी निघतं! दुधातला स्निग्धांश एकत्र येतो आणि टाळूला तुपकट लागतो. म्हणून दांडा जड झाला की थांबायचं.

अशीच यंत्रं आपल्याकडे आली. मुंबईत भेंडीबाजारातल्या बोहरी मोहल्ल्यात १८८७पासून चालत आलेलं ‘ताज आइस्क्रीम’ हाताने फिरवलेल्या आइस्क्रीमसाठी ओळखलं जातं. लाकडी पिंप, आत तांब्याचं भांडं. या पद्धतीला तिथे ‘संचा’ म्हणतात. अहमदाबादला वाडीलाल गांधींनी १९०७ साली सोड्याचं दुकान काढलं आणि हाताच्या कोठीवर आइस्क्रीम करायला लागले. त्यातून पुढे ‘वाडीलाल’ कंपनी झाली. आपण पॉट म्हणतो, गुजरातेत कोठी, बोहरी मोहल्ल्यात संचा. वस्तू एकच.

बर्फाचे कारखाने शहरातून जिल्ह्याच्या गावी पसरले तेव्हा कुठे हा पॉट आपल्या लग्नघरात पोचला. फ्रिज तेव्हा घरात नव्हता. भारतीय कंपनीने, म्हणजे गोदरेजने, फ्रिज करायला सुरुवात केली ती १९५८ला, आणि खेड्यात तो यायला आणखी कितीतरी वर्षं गेली. तोवर घरचं आइस्क्रीम म्हणजे पॉटचं, दुसरा मार्गच नव्हता.

आज इथे काय घातलंय

आता मुलं फिरवतायत त्यात काय आहे ते सांगतो, म्हणजे घरी करता येईल.

म्हशीचं २ लिटर दूध, आटवून दीड लिटर केलेलं. साखर पाव किलो. थोडी साय. हे सगळं काल रात्री उकळून, गार करून, फ्रिजमध्ये ठेवलेलं. दूध उकळायचं ते चवीसाठीच नाही. थंडीने जंतू मरत नाहीत, नुसते झोपतात. म्हणून कच्चं दूध किंवा कच्चं अंडं यात घालायचं नाही. मिश्रण आधीच गार असलं की बर्फही कमी लागतो. डबा दोन-तृतीयांश भरायचा, कारण हवा मिसळली की ते फुगतं.

बाहेर ८ किलो बर्फ आणि २ किलो जाडं मीठ. बारीक मीठ लगेच विरघळून खाली जातं. जाडं मीठ टिकून राहतं. एक थर बर्फ, वर मूठभर मीठ, परत बर्फ. मीठ कमी पडलं तर तासभर फिरवलं तरी होत नाही. फार झालं तर कडेला एकदम घट्ट थर बसतो आणि पाती अडकते. चारास एक हे प्रमाण बरं.

आता बादलीच्या अंगाला हे भोक बघा. यातून पाणी गळतंय. हे भोक बुजवायचं नसतं. आमच्या घरच्या एका लग्नात असंच झालं. कोणीतरी चांगल्या मनाने, मांडव ओला होतोय म्हणून, त्यात चिंधी कोंबली. खारं पाणी वर चढलं, झाकणाच्या वर गेलं आणि आत शिरलं. शंभर माणसांच्या पंगतीला आम्ही खारट आइस्क्रीम वाढलं, आणि नव्या सोयऱ्यांनी ते हूं की चूं न करता खाल्लं. (हशा) ते भोक झाकणाच्या खाली मुद्दाम ठेवलेलं असतं, पाण्याने पातळी ओलांडू नये म्हणून. झाकण उघडायच्या आधीही वरचा बर्फ बाजूला करून कापडाने पुसून घ्यायचं.

डबा तांब्या-पितळेचा असेल तर कल्हई बघा. कल्हई गेलेल्या भांड्यात फळाचं आइस्क्रीम करू नका.

फळांचं म्हणाल तर आपला मराठवाडा श्रीमंत आहे. जालन्याच्या मोसंबीला आणि बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे. पण दोघांचे स्वभाव वेगळे. सीताफळाचा गर कधी तापवायचा नाही, कडू होतो. दूध पूर्ण गार झाल्यावर शेवटी घालायचा. मोसंबीचा रस दुधात घातला तर दूध फाटायची भीती. म्हणून मोसंबीचं दुधाशिवाय करा: रस, साखर, पाणी, चिमूटभर मीठ. ते पॉटमध्ये छान गोठतं. रस ताजाच घ्या, ठेवला तर कडवट होतो.

आणि शेवटी उरलेलं खारं पाणी. ते झाडाला घालू नका, शेतात किंवा परसबागेत ओतू नका. मीठ जमिनीत राहतं आणि मुळांना पाणी घेऊ देत नाही. पसरट भांड्यात उन्हात ठेवा. पाणी उडून जाईल आणि पुढच्या वेळेला तेच मीठ वापरा.

पॉट गेला, त्याबरोबर काय गेलं

आता तिसरा प्रश्न. पॉट घरातून गेला म्हणून हळहळायला आम्ही आलो नाही. दांडा फिरवून खांदे दुखतात, आम्हाला ठाऊक आहे. दुकानात दहा रुपयांत कप मिळतो, पोरं खूश होतात, चांगलंच आहे. पण पॉटच्या काळात एक गोष्ट होती: आत काय जातंय ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर जायचं. आता आपल्याला लेबल वाचावं लागतं. आणि आपण ते वाचत नाही.

आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमांत ‘आइस्क्रीम’ या शब्दाला अर्थ आहे. त्यात दुधाचा स्निग्धांश किमान १० टक्के लागतो. दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल वापरलं असेल तर त्याला आइस्क्रीम म्हणता येत नाही. ते ‘फ्रोझन डेझर्ट’. कप सारखाच, रंग सारखा, शेजारी शेजारी एकाच फ्रीजरमध्ये. २०१७ साली यावरून अमूल आणि हिंदुस्तान युनिलिव्हर यांच्यातला जाहिरातीचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला होता. इथे बसलेल्यांपैकी किती जण डेअरीला दूध घालतात? बरेच हात वर आहेत. मग हा प्रश्न तुमचा आहे. सकाळी आपण डेअरीवर फॅट कमी लागला म्हणून भांडतो, आणि संध्याकाळी पोराला जो कप घेऊन देतो त्यात दुधाचा फॅट आहे की नाही हे बघत नाही.

दुसरी गोष्ट, हवा. नियम सांगतो की १ लिटर आइस्क्रीमचं वजन किमान ५२५ ग्रॅम पाहिजे. म्हणजे जवळजवळ निम्मी हवा असली तरी चालते! पॉटच्या आइस्क्रीममध्ये हवा खूप कमी असते, म्हणून त्याची एक वाटी जड लागते आणि लवकर पोट भरतं. डब्यावर मिलिलिटर आणि ग्रॅम दोन्ही आकडे असतील तर दोन्ही वाचा. भाव लिटरचा आहे, पण पोटात ग्रॅम जातात.

तिसरी, बर्फ. २०१८पासून महाराष्ट्रात खाण्यासाठी नसलेल्या बर्फाला निळसर रंग घालणं बंधनकारक आहे. मासळी, औषधं थंड ठेवायचा बर्फ पिण्याच्या पाण्याचाच असेल असं नाही. पॉटच्या बाहेर तो चालतो, कारण तो दुधाला लागत नाही. हात मात्र धुवायचे. पण गोळ्यात, सरबतात किंवा उसाच्या रसात निळसर बर्फ दिसला तर सरळ नको म्हणायचं.

अकबराच्या सुरईपासून या बादलीपर्यंत एकच गोष्ट चालत आली आहे. जी चीज एका ताटात, एका माणसासाठी होती, ती एका साध्या दांड्याने अख्ख्या पंगतीत आली. दांडा आता आपल्या हातात नाही, ठीक आहे. नजर तरी हातातली ठेवू या.

आणि मुलं सांगतायत की दांडा फिरत नाही. म्हणजे झालं! पाणी काढून, परत बर्फ-मीठ भरून, गोणपाट टाकून थोडा वेळ मुरू देऊ. तोवर प्रश्न घेऊ.

श्रोत्यांचे प्रश्न

*घरी पॉट नाही. फ्रिजमध्ये करता येईल का?*

येईल. मिश्रण अर्धवट गोठलं की काढून मिक्सरमधून फिरवायचं आणि परत ठेवायचं. असं दोनदा केलं की स्फटिक मोडतात. म्हणजे दांड्याचं काम मिक्सर करतो. फक्त डबा पसरट घ्या, लवकर गोठतो. जितकं लवकर गोठेल तितके स्फटिक बारीक. आणि फ्रिज सारखा उघडू नका.

*ती जीएमएस आणि सीएमसी पावडर घालतात, ती केमिकलं वाईट नाहीत का?*

मीठही केमिकलच आहे. जीएमएस स्निग्धांश आणि पाणी यांना एकत्र धरतं. सीएमसी पाण्याला थोडं दाट करतं, म्हणजे स्फटिक मोठे होत नाहीत. दोन्ही खाण्यात वापरायला परवानगी आहे, सांगितलेल्या प्रमाणात घालायची. पॉटमधून लगेच खायचं असेल तर त्यांची गरज नाही. आठवडाभर ठेवायचं असेल तर उपयोग होतो.

*फ्रोझन डेझर्ट खाऊच नये का?*

तसं आम्ही म्हटलं नाही. तो कायदेशीर पदार्थ आहे. काय खातोय ते माहीत असावं आणि दुधाचे पैसे तेलाला देऊ नयेत, एवढंच.

*आइस्क्रीमने सर्दी होते का?*

सर्दी विषाणूने होते, गारव्याने नाही. जमशेटजींच्या पाहुण्यांपैकी कोणीतरी आधीच शिंकत आला असेल! घसा दुखत असेल तर मात्र जपून खा.

आता वाट्या घ्या. आधी ज्या चार मुलांनी दांडा फिरवला त्यांना. पाती चाटायचा मानही त्यांचाच.